विजेचे बिल आणि सरकारी मदत : हक्कदार कोण?

वाचकहो, ह्या पानावर आम्ही विहिरीवरच्या पंपाविषयी पुष्कळदा लिहितो. आज त्याच पंपापासून निघून मागापर्यंत जायचे आहे. लिंबायतमध्ये अशी कितीतरी घरे आहेत की एक भाऊ गावी, धुळे-जळगावकडे, कापूस नाहीतर केळी करतो, आणि दुसरा भुसावळ-सुरत गाडीने इकडे आला, आधी दुसऱ्याच्या खात्यात मागावर उभा राहिला आणि पुढे भाड्याच्या गाळ्यात स्वतःचे चार माग टाकून बसला. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज देऊ केली. गावच्या भावाचे पंपाचे बिल सुटले. सुरतेच्या भावाचे बिल मात्र इंधन अधिभार धरून येते. मग सणासुदीला दोघे भेटले की प्रश्न निघतोच : आमचाही धंदाच आहे, आम्हांला मदत का नाही?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर “सर्वांना द्या” इतके सोपे नाही. सरकारचा पैसा म्हणजे अखेर आपलाच पैसा, आणि जो मदतीवाचूनही तगला असता त्याला दिलेला रुपया बुडणाऱ्याच्या हातून गेलेला असतो. म्हणून मदत खरोखर कोणाला पोचावी हे पाहण्याआधी वीजदर वाढल्यावर खात्यात काय घडते त्याचा हिशोब मांडू या.

समजा, एका खात्यात २४ साधे माग आहेत आणि प्रत्येकाला १ अश्वशक्तीची मोटार आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा एकूण भार १८ किलोवॅटच्या आसपास झाला. मोटारी सदासर्वदा पूर्ण भाराने चालत नाहीत. दोन तृतीयांश धरला तर तासाला १२ युनिटे पडतात. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर सुमारे ७,५०० युनिटे होतात. म्हणजे युनिटमागे एक रुपया वाढला की महिन्याला साडेसात हजार आणि वर्षाला नव्वद हजार रुपये जास्तीचे गेले. एका मागावर दिवसरात्रीत ५० मीटर कापड निघते असे धरले, तर ही वाढ मीटरमागे २४ पैशांची आहे. चोवीस पैसे ऐकायला काहीच वाटत नाहीत. परंतु जो स्वतःचे सूत घेत नाही, व्यापाऱ्याचे बीम आणून मजुरीवर विणून देतो, ज्याला इचलकरंजीकडे खर्चीवाला म्हणतात, त्याच्या हाती मीटरमागे उरते तेही पैशांतच मोजावे लागते.

हे चोवीस पैसे खर्चीवाल्याला मजुरीत वाढवून मिळतात का? आमच्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. २०२१ च्या उत्तरार्धात जगभर कोळशाचे भाव भडकले तेव्हा सुरतेच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांनी आपले जॉबचे दर वाढवले. ह्या गिरण्या काही शेकड्यांत आहेत, त्यांची संघटना आहे, आणि रंगवल्याशिवाय कच्चे कापड बाजारात साडी म्हणून उभे राहत नाही. व्यापाऱ्यांनी कुरकूर केली तरी काही भार त्यांना उचलावाच लागला. खर्चीवाले मात्र हजारोंनी आहेत. एकाने दर वाढवून मागितला तर व्यापारी बीम शेजारच्या गल्लीत पाठवतो. खर्च दोघांचाही वाढतो. तो पुढे सरकवता येतो एकालाच. जो वाढीव खर्च गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालू शकतो त्याला मदतीची निकड कमी, आणि ज्याला तो स्वतःच्या पोटावर घ्यावा लागतो त्याची जास्त. आम्ही तरी हीच पहिली कसोटी मानतो.

ही कसोटी आम्हीच शोधून काढली असे नाही. युक्रेनचे युद्ध २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाले आणि युरोपात गॅस व वीज कडाडली. ब्रिटनच्या सरकारने त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून सहा महिने सरसकट सर्व धंद्यांना, एवढेच नव्हे तर शाळा-दवाखान्यांनाही, विजेच्या व गॅसच्या दरात सवलत दिली. घाई होती, छाननीला वेळ नव्हता, तेव्हा ते समजण्यासारखे होते. मात्र एप्रिल २०२३ पासून सरसकट सवलत अगदी थोडी ठेवली आणि मोठी सवलत निवडक उद्योगांना दिली : ज्यांचा इंधनखर्च भारी आहे आणि परदेशी मालाशी टक्कर असल्याने ज्यांना भाव वाढवता येत नाहीत असे उद्योग. संकटाच्या पहिल्या धक्क्याला सर्वांना आणि नंतर निवडून, ही रीत आम्हांला शहाणपणाची वाटते.

आता आपल्याकडची रीत पाहू. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी ह्या गावांसाठी महाराष्ट्राने यंत्रमागांच्या वीजदरात वर्षानुवर्षे सवलत ठेवली आहे आणि तिची रेघ २७ अश्वशक्तीवर आखली आहे. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. २७ अश्वशक्ती म्हणजे साधारण २० किलोवॅट, आणि लहान औद्योगिक जोडणीची मर्यादा तिथेच येते. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २७ अश्वशक्तीच्या आतील यंत्रमागांना युनिटमागे आणखी १ रुपया आणि त्यावरील, २०१ अश्वशक्तीपर्यंतच्या, मागांना ७५ पैसे जादा सवलत मंजूर केली. लहानाला जास्त हे तत्त्व ठीकच आहे. पण रेघ आखली की तिच्या आत राहण्याचा मोह होतो. एकाच शेडमध्ये घरातल्या तिघांच्या नावे तीन मीटर बसवले की मोठाही लहान होतो.

गुजरातची रीत वेगळी आहे. जानेवारी २०१९ च्या वस्त्रोद्योग धोरणात विणाईसाठी कमी दाबाच्या जोडणीला युनिटमागे ३ रुपये आणि उच्च दाबाच्या जोडणीला २ रुपये, अशी पाच वर्षांची सवलत होती. ऑक्टोबर २०२४ च्या धोरणात ती युनिटमागे १ रुपयावर आली. मात्र दोन्ही वेळा पात्र ठरली ती नवी किंवा विस्तारलेली गुंतवणूक. राज्यात नवे कारखाने यावेत ह्यासाठी ते योग्य असेल. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. परंतु वीस वर्षांचे जुने माग चालवणाऱ्याच्या शेजारी नवे वॉटरजेट माग उभे राहतात, ते जास्त वेगाने विणतात, आणि वर विजेत सवलतही त्यांनाच. ही मदत नवा कारखाना काढण्यासाठी आहे. बिलाखाली वाकलेल्या जुन्या खात्यासाठी ती नाही. दोन्ही गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात म्हणून घोटाळा होतो.

शेतीपंपाशी तुलना करायची तर तीही पूर्ण करावी. मोफत विजेमुळे पंप गरजेपेक्षा जास्त चालतो आणि विहिरींची पातळी खाली जाते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. वीज स्वस्त केली की ती जपून वापरण्याचे कारण जाते. मागांचेही तसेच आहे. जुनाट मोटार, खराब बेअरिंग, सैल पट्टा ह्यांत बरीच वीज फुकट जाते. म्हणून दरात सवलत देण्यापेक्षा मोटार बदलायला किंवा छपरावर सौरपत्रे बसवायला एकदाच मदत देणे आम्हांला बरे वाटते. केंद्र सरकारने २०१७ साली पॉवरटेक्स योजनेत आठपर्यंत माग असणाऱ्या विणकरांना सौरऊर्जेसाठी अनुदान ठेवले होते. पुढे ती योजना संपली. शिवाय लिंबायतसारख्या वस्तीत एक अडचण अशी की गाळा भाड्याचा, छप्पर मालकाचे आणि मीटरही बहुधा मालकाच्याच नावे. बिल भरणारा एक, कागदोपत्री ग्राहक दुसरा. सवलत आली तरी ती मीटरच्या नावावर येते आणि भाडेकरूपर्यंत झिरपेलच असे नाही.

कोळशाला मात्र मदत नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. गिरण्यांच्या बॉयलरचा धूर आपल्याच वस्त्यांवर उतरतो. २०१९ पासून सुरतेत धुरातल्या कणांवर एकूण मर्यादा घालून कारखान्यांत परवान्यांची देवघेव करण्याची योजना चालू झाली. कणांसाठी अशी बाजारपद्धत जगात पहिल्यांदा इथेच झाली. एका हाताने धूर कमी करायला लावायचा आणि दुसऱ्या हाताने कोळसा स्वस्त करून द्यायचा, हे जुळत नाही.

आतापर्यंत आपण मालकाविषयीच बोललो. मागावर उभा राहणारा, मग तो खानदेशचा असो की ओडिशाच्या गंजामचा, मीटरवर मजुरी घेतो. बिल परवडत नाही म्हणून मालकाने आठवड्यातून दोन दिवस खाते बंद ठेवले की त्याची दोन दिवसांची मजुरी गेली. त्याच्या नावे मीटर नाही, तेव्हा विजेच्या सवलतीच्या कुठल्याच यादीत तो येत नाही. घरी बसून साडीला लेस आणि टिकल्या लावणाऱ्या भगिनींचेही तेच. दिवा-पंखा त्यांच्या घरगुती बिलात चढतो आणि नगामागची मजुरी जिथल्या तिथे राहते. कामगारांना डबे पुरवणाऱ्या बाईला घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. १९ किलोचा व्यापारी सिलिंडर पूर्ण भावाने घ्यावा लागतो. वीजसवलत घेणाऱ्या खात्याला निदान एक अट घालता येईल : सवलतीच्या काळात पाळ्या आणि माणसे कमी करायची नाहीत.

तोवर लहान खातेवाल्यांनी दोन कामे करून ठेवावीत. गाळ्याच्या भाडेकरारात मीटर कोणाच्या नावे आहे आणि बिलात सूट आली तर ती कोणाची, हे लिहून घ्यावे. तसेच दर महिन्याच्या बिलावरची मंजूर भाराची, इंधन अधिभाराची आणि युनिटांची ओळ वहीत उतरवून ठेवावी. अर्ज करायची वेळ आली की बारा महिन्यांची बिले मागतात आणि तेव्हा शोधाशोध होते.

आणि एक आरोग्याचे. बिल वाढले की खात्यात सर्वांत आधी बंद होतो तो भिंतीवरचा हवा बाहेर टाकणारा पंखा. बारा तासांची पाळी, पत्र्याचे छप्पर, मे महिना आणि चोवीस मागांची धग. १५० वॅटचा पंखा दिवसरात्र २६ दिवस चालवला तर सुमारे ९४ युनिटे जळतात. युनिट आठ रुपयांनी धरले तरी तो बंद ठेवून महिन्याला साडेसातशे रुपये वाचतात.