बेसूर गोपीचं गाणं

गोपीला गाता येत नाही. गोष्टच तिथून सुरू होते. तो तोंड उघडतो आणि सारा गाव हैराण होतो. बाघा ढोल बडवतो, त्याचीही तीच गत. दोघांची गावातून हकालपट्टी होते, जंगलात भुतं भेटतात. भुतांना मात्र हे गाणंबजावणं मनापासून आवडतं आणि ती वर देऊन टाकतात, तुम्ही गायला-वाजवायला लागलात की ऐकणारा जागच्या जागी खिळून राहील.

उपेंद्रकिशोर रायचौधुरींची ही बंगाली गोष्ट 1915 सालची, त्यांच्याच ‘संदेश’ मासिकात आलेली. त्यांचे नातू सत्यजित राय यांनी 1969 साली तिच्यावर सिनेमा काढला, त्यातली गाणीही स्वतःच लिहिली. आणि पवईच्या आयआयटीत ॲनिमेशन शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांनी 2013 साली तिचा हिंदी संगीतमय ॲनिमेशनपट पूर्ण केला, ‘गोपी गवैया बाघा बजैया’. निर्मिती बालचित्र समितीची. त्याच वर्षी तो टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, आपल्याकडच्या थिएटरांत मात्र 1 मार्च 2019 रोजी लागला. म्हणजे 2013 साली जी मुलं पहिलीत होती, ती तोवर सहावीत पोचली होती. मुलांच्या सिनेमाला इतकं ताटकळत ठेवणं मला फार लागतं.

मी मालवण तालुक्यात शाळेत संगीत शिकवते. वडील दशावतारात पेटी वाजवायचे. त्यामुळे गोष्टीत गाणं कुठे यावं, हा प्रश्न आमच्या घरात जेवताना निघायचा. दशावताराचे संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतो. पण पद कुठे उचलायचं ते पेटीवाल्याला त्याच्या चेहऱ्यावरून कळावं लागतं. बोलणं अपुरं पडायला लागलं की पद. त्याच्या आधी उचललं तर प्रवेश पडतो, मागाहून उचललं तर प्रेक्षक चहाच्या टपरीकडे वळतो.

हाच कान घेऊन मी गोपी-बाघाकडे बघते. संगीतकाराची खरी परीक्षा सुरुवातीलाच आहे, कारण त्याला मुद्दाम वाईट गाणं रचायचंय. मुलांना मी हे पेटीवर करून दाखवते. सा धरायचा आणि गळ्यातून तो किंचित उतरलेला काढायचा. थेट खालच्या नीवर गेलात तर ते सुरातच बसतं, कुणी हसत नाही. सा आणि नी यांच्या मधे कुठेतरी, पेटीत पट्टीच नाही अशा जागी, छातीठोकपणे उभं राहावं लागतं. शिवाय खालीची मात्रा चुकवायची आणि चुकलो हे गावीही नसल्यासारखं पुढे जायचं. एकदा वर्गात हे चालू असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, तेका गावूक येणा नाय, मगे तो गाता कित्याक?” गोपी गातो, कारण गाण्यावर त्याचं प्रेम आहे. ते प्रेम त्या बेसूर तानेत ऐकू आलं पाहिजे. नाहीतर मुलं त्याला हसतील, पण त्याच्या मागून जंगलात जाणार नाहीत.

पुस्तकाचा संगीतमय सिनेमा करताना गाणं बाहेरून आणून बसवलं की पात्रंच बदलून जातात. ‘जंगल बुक’ बघा. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या पुस्तकातला बालू अस्वल हा कडक मास्तर आहे, मोगलीला जंगलाचा कायदा शिकवतो, वेळप्रसंगी चापट मारतो. डिस्नेला 1967 च्या सिनेमासाठी खेळकर सूर हवा होता. टेरी गिल्किसनने आधी केलेली गाणी गंभीर वाटली म्हणून बाजूला पडली, त्यातलं एकच राहिलं, ते बालूचं. बाकीची शर्मन बंधूंनी लिहिली. त्या एका गाण्याने बालू कायमचा निवांत, मस्तमौला होऊन बसला. आणि पुस्तकात मोगलीचा मित्र असलेला का अजगर खलनायक झाला. सिनेमा मलाही आवडतो, पण पुस्तकातला मास्तर त्यात हरवला याची हळहळ वाटते. गोपी-बाघाच्या गोष्टीत हा धोका कमी, कारण गाणं हेच तिथलं कथानक आहे. ते काढलं तर गोष्टच उरत नाही.

आता त्या वराचं बघा. राय यांच्या सिनेमात हाडामांसाची माणसं आहेत. गाणं सुरू झालं की ती थिजतात आणि आपण चकित होतो, कारण माणसाचा स्वभावच हलण्याचा. चित्राचं उलट आहे. चित्र मुळात थांबलेलंच असतं. तिथे खिळून राहण्यात कसला चमत्कार? म्हणून आधीची हालचाल इतकी जिवंत काढावी लागते की ती थांबली की डोळ्यांना खटकावं. त्यातही पार थांबलेली रेषा पडद्यावर मेल्यासारखी दिसते, तेव्हा ॲनिमेटर थांबलेल्या माणसालाही जरासं हलतं ठेवतात, मिशीचं टोक, छातीचा भाता. त्याला ते मूव्हिंग होल्ड म्हणतात.

शिल्पा रानडे यांची चित्रं मला ओळखीची वाटतात ती इथेच. सपाट आकृत्या, खडबडीत पोत, लांब हातपाय. मला चामड्याच्या बाहुल्या आठवतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने छायाबाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला जपल्या आहेत. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात त्यांचं संग्रहालय उभं केलं, 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीत एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. गायक एक चित्र समोर धरतो, त्यावरचं गाणं-निवेदन संपलं की ते बाजूला, मग दुसरं. युद्ध आलं की लय चढते आणि कागदावरचा बाण सुटल्यासारखा वाटतो. चित्र तसूभरही हललेलं नसतं, हलवतं ते गाणं.

ॲनिमेशनमध्येही बहुतेक वेळा गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं आणि चित्रं त्याच्या मापाने काढली जातात. हिशेब सोपा आहे. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी. मेट्रोनोम 120 वर लावला तर एका मात्रेला अर्धा सेकंद, म्हणजे 12 चौकटी. केरव्याच्या आठ मात्रांचं एक आवर्तन 96 चौकटींचं. एक चित्र दोन चौकटी टिकवलं तर 48 चित्रं लागतात. तीन मिनिटांच्या गाण्याला 2160. मुलं पहिल्यांदा हा आकडा फळ्यावर बघतात तेव्हा वर्ग गप्प होतो. संगीतकाराने नंतर दोन मात्रा जास्त घ्यायचं ठरवलं तर कुणाला तरी पुन्हा कागद हातात घ्यावा लागतो. म्हणून लय आधी पक्की करावी लागते.

आम्ही हे करून पाहिलं. मुलांनी पुठ्ठ्याचा बाघा कापला, खांद्याला आणि कोपराला दोऱ्याची गाठ मारली, स्टुलावर मोबाईल बांधला. केरव्याचं एक आवर्तन आधी रेकॉर्ड केलं, मग 48 फोटो, प्रत्येक फोटोआधी हात जरासा सरकवून. पहिल्या वेळी हात बरोबर ठेक्यावर ढोलाला लागत होता, तरी बघताना उशीर झाल्यासारखं वाटायचं. कुठे चुकलं ते आमच्या पखवाजवाल्या मुलाच्या लक्षात आलं. थाप ऐकू यायच्या आधी हात पडलेला दिसला पाहिजे, तो म्हणाला. हात एक फोटो आधी खाली आणला आणि बाघा वाजवायला लागला. जाणते ॲनिमेटर हेच करतात, ठोका ऐकू येण्याच्या एक-दोन चौकटी आधी तो डोळ्यांना दाखवतात. त्या मुलाला ते पखवाजाने शिकवलं होतं. आता त्याला गोपीचा गळा हलवायचाय, आणि बेसूर तान कोण गाणार यावरून वर्गात भांडण लागलंय.