मेसेज लॅपटॉपवर, सिम खिशात

एप्रिल लागला की रत्नागिरीतल्या आंबा बागायतदाराच्या फोनला उसंत नसते. काढणी, निवड, आढी लावणं, पेट्या भरणं चालूच असतं आणि वर पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं विचारत असतात, "पेटी निघाली का?" हाताला आंब्याचा चीक लागलेला, त्यात उत्तरं टाइप कोण करणार? मग घरातला कॉलेजात जाणारा मुलगा लॅपटॉप उघडतो आणि एकेकाला उत्तर देऊन टाकतो. गिऱ्हाइकाला मेसेज दिसतो तो वडिलांच्याच नंबरावरून. लॅपटॉपमध्ये सिम नाही, मग मेसेज गेला कसा?

खरं तर लॅपटॉपने तो पाठवलेलाच नसतो. पाठवतो फोनच. गूगलने जून २०१८ मध्ये आपल्या 'मेसेजेस' अ‍ॅपला संगणकाच्या ब्राउझरशी जोडण्याची सोय दिली. पडद्यावरचा क्यूआर कोड फोनने टिपला की दोन्ही यंत्रांची ओळख पटते आणि कुलपाच्या किल्ल्या ठरतात. पुढे लॅपटॉपवर लिहिलेला मजकूर इंटरनेटवरून फोनकडे जातो, फोन तो आपल्या सिमच्या नावावर टॉवरला देतो. उत्तर उलट्या वाटेने येतं. आयफोनवरचे एसएमएस आयपॅडवर किंवा मॅकवर आणण्याची सोय अ‍ॅपलने २०१४ मध्येच केली होती. यात फोन पॅकिंग शेडमध्ये पडलेला असला तरी चालतो. तो चालू हवा, त्याला रेंज आणि इंटरनेट हवं, एवढंच. बॅटरी संपली की लॅपटॉपवरची खिडकीही मुकी.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट निराळी. तो एसएमएसच नव्हे. तिथे नंबर फक्त ओळखीपुरता, बाकी सगळा कारभार इंटरनेटवर. त्यामुळे २०२१ पासून फोन बंद असतानाही जोडलेला संगणक व्हॉट्सअ‍ॅप चालवू शकतो.

लॅपटॉपवरून पाठवलेला एसएमएसही सिमच्याच खात्यात मोजला जातो. बहुतेक प्लॅनमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात. शिवाय मोठा कीबोर्ड मिळाला म्हणून ओळख ना पाळख अशा पाचशे लोकांना 'अस्सल हापूस' कळवायला गेलात आणि कोणी १९०९ वर तक्रार केली, तर ऐन हंगामात नंबरावर कारवाई होऊ शकते.

संगणकावरून एसएमएस ही नवी सोय वाटते, पण जगातला पहिला एसएमएस संगणकावरूनच गेला होता. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने व्होडाफोनचे अधिकारी रिचर्ड जार्विस यांच्या ऑर्बिटेल फोनवर नाताळच्या शुभेच्छा धाडल्या. जार्विस यांना उत्तर देता आलं नाही, कारण त्या फोनवर मजकूर लिहिण्याची सोयच नव्हती. फोनवर टाइप करणं नंतर आलं.

मजकुराची लांबी त्याआधीच ठरली होती. फोन आणि टॉवर यांच्यात बोलण्याशिवायही सूचनांची देवाणघेवाण चालते. तिच्या वाहिनीत मोकळा वेळ असतो, त्यात मजकूर बसवायची कल्पना. जर्मनीचे फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी १९८५ च्या सुमारास टाइपरायटरवर नाना वाक्यं लिहून पाहिली आणि १६० अक्षरं पुरेशी आहेत असं ठरवलं. एका एसएमएसमध्ये मावतात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षराला ७ बिट दिले की बरोबर १६० अक्षरं होतात.

मराठीची अडचण इथे सुरू होते. देवनागरीसाठी सहसा जी पद्धत वापरली जाते तिच्यात प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून एका एसएमएसमध्ये ७० चिन्हंच मावतात. त्यात काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. 'रत्नागिरी' आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचं गाव. यंत्राला ती नऊ चिन्हं, १४४ बिट. रोमन लिपीतही त्याची नऊच अक्षरं होतात, पण बिट ६३. अख्ख्या रोमन मजकुरात एक 'आ' घुसला तरी सगळा मेसेज १६ बिटांच्या हिशेबात जातो. लांब मजकुराचे तुकडे पडतात, त्यांना अनुक्रमांक जोडावे लागतात आणि दर तुकड्यात ६७ चिन्हंच उरतात. फोनवर हे लक्षात येत नाही. लॅपटॉपवर हात सैल सुटतो, परिच्छेद लिहिला जातो आणि शंभराचा कोटा दुपारीच संपतो. थोडक्यात लिहायची शिस्त मराठीला इथे जरा जास्तच लागते, हा मराठीवर अन्याय आहे असं माझं मत.

बँका आणि सरकारी कार्यालयं मात्र फोनच्या वाटेला जात नाहीत. त्यांचे संगणक मोबाइल कंपनीच्या संदेश-केंद्राशी जोडलेले असतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहावरून पाहून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते. एसएमएस हा तिचा एक मार्ग. तो रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या नौकेवर लगेच पोहोचतो. नौका समुद्रात आत गेली की प्रश्न. जुन्या जीएसएम पद्धतीत प्रत्येक फोनला बोलायची पाळी ठरलेली असते. ३५ किलोमीटरपलीकडून निघालेला संकेत उशिरा पोहोचून दुसऱ्याच्या पाळीत घुसतो, म्हणून साधारण तिथेच मर्यादा. प्रत्यक्षात रेंज बऱ्याचदा त्याआधीच जाते.

मग मेसेज हरवतो का? नाही. संदेश-केंद्र तो राखून ठेवतं. हा नंबर सापडत नाही, अशी नोंद जाळ्यात होते. नौका परतताना फोनने टॉवरला हजेरी दिली की केंद्राला खबर जाते आणि साठलेले मेसेज धडाधड येतात. पण प्रत्येक मेसेजला मुदत असते. ती उलटली तर तो टाकून दिला जातो. मासळीचा सल्ला उशिरा आला तर एक फेरी फुकट, वादळाचा इशारा उशिरा आला तर जिवाशी गाठ. म्हणून नौकांवर उपग्रहाशी बोलणारे, दोन्ही बाजूंनी मजकूर नेणारे ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना आली. तिचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाला. देशभरातल्या एक लाख नौका हे तिचं उद्दिष्ट.

किनाऱ्यावरच्यांना धोका वेगळा. एकदा संगणक जोडला की फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस त्याच्यावरही दिसतो, बँकेचा ओटीपीसुद्धा. आपल्याकडे सातबाऱ्याची किंवा आधारची प्रत काढायला झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तिथल्या संगणकावर सर्रास व्हॉट्सअ‍ॅप उघडलं जातं आणि कागद हातात पडला की माणूस तसाच निघून जातो. मागे त्याचं सगळं बोलणं दुकानात उघडं राहतं. जोडलेल्या उपकरणांची यादी फोनवरच बघता येते. व्हॉट्सअ‍ॅपची वेगळी, एसएमएसची वेगळी. आज दोन्ही उघडून बघा आणि ओळखीचं नसेल ते उपकरण तिथल्या तिथे काढून टाका.