डिझेल वाचले, टायरचे काय?

लखनौच्या महानगर वस्तीत, गोल मार्केटच्या आसपास सकाळी दुकाने उघडायच्या वेळी उभे राहिले, की मालवाहतूक किती बदलली आहे ते लगेच कळते. पाण्याचे जार, किराणा, कपड्यांचे गठ्ठे उतरवणाऱ्या बऱ्याच गाड्या आता विजेवर चालतात. त्यांत तीनचाकी ई-लोडर जास्त, त्यातले काही आपल्या बारामतीच्या कारखान्यात तयार झालेले. त्यांच्या जोडीला टाटा एस ईव्हीसारखे चारचाकी छोटे ट्रकही दिसू लागले आहेत. उत्तर प्रदेश सरकारने ऑक्टोबर २०२२ च्या धोरणात विजेच्या गाड्यांना रस्ताकर आणि नोंदणी शुल्कातून सूट दिली. शहराच्या एका टोकाला टाटा मोटर्सचा १९९२ पासूनचा कारखाना आहे. दुसऱ्या टोकाला, सरोजिनीनगरात, अशोक लेलँडने २०२४ मध्ये विजेच्या गाड्यांसाठी नव्या कारखान्याची पायाभरणी केली. म्हणजे हे वारे इतक्यात थांबणारे नाही.

या गाड्या चालवणारे बहुतेक जण स्वतःच मालक असतात. डिझेलचा खर्च सुटला, ऑइल बदलणे सुटले, क्लच-प्लेट सुटली, म्हणून ते खूश आहेत. पण चार माणसे एकत्र बसली की एक तक्रार हमखास निघते: टायर फार लवकर घासतात. मला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो याच माणसांमुळे. मोठ्या कंपनीच्या ताफ्यात टायरचा हिशेब ठेवायला माणूस असतो. छोट्या गाडीच्या मालकाला मात्र चार टायर एकदम बदलायचे म्हणजे महिन्याची शिल्लक संपते.

टायर लवकर घासण्याचे कारण विचारले, तर पहिले उत्तर येते: बॅटरीचे वजन. ते खरे आहे, पण अर्धेच. मालाच्या गाड्यांत आज सर्रास वापरली जाणारी लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी, आवरण आणि थंड ठेवण्याची यंत्रणा धरून, किलोमागे साधारण १३० ते १५० वॅट-तास वीज साठवते. या हिशेबाने ३०० युनिटची, म्हणजे ३०० किलोवॅट-तासांची, बॅटरी दोन टनांच्या पुढे जाते. तरीही कायद्याने ठरवलेले एकूण वजन पाळले, तर भरलेला डिझेल ट्रक आणि भरलेला विजेचा ट्रक रस्त्यावर सारखाच भार टाकतात. विजेच्या ट्रकमध्ये माल तेवढा कमी बसतो, इतकेच. टाटा एस ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा तिची मालक्षमता ६०० किलो होती. एक टन नेणारी आवृत्ती नंतर आली.

वजनाचा खरा फरक पडतो तो रिकाम्या फेरीत. डिझेल गाडी माल उतरवून परतताना हलकी होते आणि टायरांना उसंत मिळते. विजेची गाडी बॅटरीचे ओझे घेऊनच परतते. शहरातल्या वाटपात निम्मी धाव रिकामी किंवा अर्धी भरलेली असते, म्हणून तिथे हा फरक साचत जातो. त्यात बाजारपेठेतली सवय अशी, की गाडी ६०० किलोची असली तरी माल ९०० किलोचा चढतो. तिथे दोष बॅटरीचा नाही.

दुसरे कारण मोटरच्या स्वभावात आहे. डिझेल इंजिनाला जोर यायला आधी फेरे वाढावे लागतात, मग क्लच सुटतो आणि गिअर पडतो. विजेच्या मोटरचा पूर्ण जोर शून्य वेगापासून हजर असतो. पाय जरा जोरात पडला की मागच्या चाकाचे रबर रस्त्यावर किंचित सरकते. हे सरकणे डोळ्यांना दिसत नाही, पण प्रत्येक वेळी रबराचा एक पापुद्रा जातो. सिग्नल, गल्ली, दुकान, पुन्हा सिग्नल अशी दिवसभराची वाटचाल असेल, तर असे शेकडो धक्के बसतात.

तिसरे कारण ब्रेकचे. वेगाच्या पेडलवरून पाय काढला की मोटर उलट काम करून वीज बॅटरीत परत भरते आणि गाडी मंदावते. ब्रेकचे लायनर त्यामुळे खूप टिकतात. पण मंदावण्याचे हे काम सगळ्या चाकांत वाटले जात नाही. ज्या चाकांना मोटर जोडलेली, त्यांच्यावरच ते पडते. पुढे ढकलायचेही त्यांनीच आणि रोखायचेही त्यांनीच. म्हणून विजेच्या ट्रकमध्ये मागचे टायर पुढच्यांच्या मानाने फार लवकर संपताना दिसतात.

कानपूर रोडवरच्या ट्रान्सपोर्ट नगरातला जुना कारागीर हे मोजपट्टीशिवाय ओळखतो. तो टायरवरून तळवा आधी एका दिशेने फिरवतो, मग उलट दिशेने. एका बाजूने हात गुळगुळीत सरकला आणि दुसऱ्या बाजूने नक्षीच्या कडा बोटांना लागल्या, तर रबर एकाच बाजूने खरवडले जात आहे. कडा आडव्या लागल्या तर अलाइनमेंट बिघडले आहे. फिरण्याच्या दिशेने लागल्या तर जोर आणि ब्रेकचा मार आहे. फक्त मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. ही तपासणी फुकट आहे आणि कुठल्याही चालकाला दर आठवड्याला करता येते.

टायर बदलताना बहुतेक जण आधी किंमत विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न भाराचा असावा. टायरच्या बाजूवर १५२/१४८ असे भाराकडे (लोड इंडेक्स) असतात. १५२ म्हणजे एकेरी बसवलेल्या टायरला ३५५० किलो पेलतात. १४८ म्हणजे जोडीत बसवल्यास प्रत्येकाला ३१५० किलो. आता पुढच्या अ‍ॅक्सलवर सात टन आले, तर प्रत्येक टायरवर साडेतीन टन पडतात आणि हाताशी उरतात जेमतेम ५० किलो. विजेच्या ट्रकमध्ये बॅटरीचे खोके दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये किंवा केबिनच्या मागे असतात, त्यामुळे पुढच्या चाकांवर भार सरकू शकतो. अशा गाडीला दोनशे-चारशे रुपये वाचवण्यासाठी कमी भाराकड्याचा टायर घालणे धोक्याचे आहे. छोट्या गाड्यांचीही गोष्ट हीच. तिथे मोटारीचा टायर मापात बसतो म्हणून घातला जातो. मापात बसला म्हणून तो मालाचा भार पेलेलच असे नाही.

दुसरा प्रश्न टायर किती सहज लोळतो याचा. हे नीट समजून घेण्यासारखे आहे. चाळीस टनांचा ट्रक आहे आणि टायरांचा लोळण-विरोध वजनाच्या ०.६ टक्के आहे असे धरा. मग एक किलोमीटर जायला नुसत्या टायरांवर ०.६५ युनिट वीज खर्च होते. विरोध ०.५ टक्क्यांवर आणला तर तीच ०.५४ युनिट. फरक ०.११ युनिटचा. दिवसाला २०० किलोमीटर धाव आणि युनिटला दहा रुपये दर धरला, तर रोजचे दोनशे वीस रुपये, वर्षाच्या ३०० दिवसांत सहासष्ट हजारांच्या आसपास. शिवाय तेवढ्याच चार्जमध्ये गाडी जास्त लांब जाते. डिझेल इंजिन बरीचशी ऊर्जा उष्णतेतच घालवते, म्हणून तिथे टायरचा वाटा झाकला जात असे. विजेच्या गाडीत तो उघडा पडतो. नवे टायर घातल्यावर काही चालकांना गाडी आधीपेक्षा कमी पल्ला देते असे वाटते, तेही खरे आहे. झिजलेल्या टायरमध्ये रबर कमी असते, म्हणून तो सहज लोळतो. बॅटरी खराब झाली म्हणून घाबरायचे कारण नाही.

आपल्याकडे लोळण-विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा केंद्र सरकारने जून २०२२ च्या अधिसूचनेने बंधनकारक केल्या. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकन योजनाही टायरांसाठी आहे. दुकानात टायर घेताना तारे विचारावेत. मात्र ताऱ्यांवर भाळून मागच्या चाकांनाही उथळ नक्षीचा टायर घालू नये. जोराची चाके आणि नुसती लोळणारी चाके यांची गरज वेगळी आहे. बावीस चाकांच्या ट्रेलर गाडीत सहज लोळणारे टायर आधी ट्रेलरला घालावेत, कारण बारा चाके तिथेच असतात. मोटरच्या अ‍ॅक्सलला खोल नक्षी आणि मजबूत रबर हवे. पुढे सरळ पट्ट्यांची नक्षी ठीक.

टायरवर ‘ईव्ही’ असा शिक्का असलेला माल आता बाजारात आहे. सीएटने विजेच्या बससाठी वेगळा टायर काढला, अपोलो आणि जेके यांनीही विजेच्या गाड्यांसाठी टायर आणले. ते चांगले असतील, पण मी शिक्क्यासाठी पैसे मोजणार नाही. भाराकडा, तारे आणि किलोमीटरमागे पडणारा खर्च या तीन गोष्टी मी बघेन. समजा एक टायर वीस हजारांचा आणि ८० हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला २५ पैसे पडले. दुसरा चोवीस हजारांचा, पण १ लाख २० हजार चालला, तर २० पैसे. स्वस्त कोणता, ते वहीत नोंद ठेवणाऱ्यालाच कळते. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे चांगला टायर घेणे पूर्वीपेक्षा थोडे आवाक्यात आले.

रिमोल्डचे, म्हणजे घासलेल्या टायरवर नवी नक्षी चढवण्याचे काय, असे सगळेच विचारतात. मोठ्या ट्रकचा चांगल्या सांगाड्याचा रेडियल टायर जरूर रिमोल्ड करावा. त्यात पैसाही वाचतो आणि रबरही. सुमारे शंभर अंशांवर होणाऱ्या थंड पद्धतीत सांगाडा कमी भाजतो. पण टायर तारा दिसेपर्यंत चालवला तर सांगाडाच हातचा जातो. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी उरलेली असावी लागते. पावसाचा विचार केला, तर तीन-चार मिलिमीटरवरच टायर उतरवणे शहाणपणाचे. पुढच्या चाकांना रिमोल्ड घालू नये, आणि जोडीतले दोन टायर सारख्या झिजेचे असावेत. एक उंच, एक बुटका झाला की उंच टायर सगळा भार उचलतो आणि बुटका रस्त्यावर फरफटतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न मोठ्या गाड्यांसह येतो आहे. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात २०२५ मध्ये बॅटरी बदलून चालणाऱ्या विजेच्या ट्रकांचा ताफा सुरू झाला. त्याच वर्षी चाकणच्या ब्लू एनर्जी मोटर्सने मुंबई-पुणे मार्गासाठी असेच ट्रक आणले. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ५६०० ई-ट्रकांना मदत ठरली आहे, एका ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपये. बंदरातल्या ट्रकचा वेग कमी, पण वळणे तंग. तिथे ट्रेलरचे टायर आडवे ओढले जाऊन घासतात. खंडाळ्याच्या घाटात उतरताना मोटरचे चाक गाडी धरून ठेवते. डिझेल ट्रकचा इंजिन-ब्रेकही हेच करतो, म्हणून घाटात फरक वाटतो तेवढा नाही. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन खात्याने गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली होती. लांब, तापलेल्या काँक्रीटवर कमी हवेचा टायर फुटतो, मग गाडी डिझेलची असो की विजेची. हवा सकाळी, टायर थंड असतानाच बघावी. लखनौच्या जूनमध्ये दुपारी मोजलेला दाब फसवतो.

टायर बदलताना जॅक कुठे लावायचा, हेही मालकाने स्वतः उभे राहून बघायला हवे. रस्त्याकडेचा दुकानदार सवयीने चासीखाली मिळेल तिथे जॅक घालतो. विजेच्या गाडीत तिथे बॅटरीचे खोके किंवा नारिंगी तार असू शकते. जॅकची जागा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

झिजलेले रबर हवेत आणि गटारात जाते, हा मुद्दा युरोपने मनावर घेतला आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या युरो ७ नियमांत टायरच्या झिजेवर प्रथमच मर्यादा आली. आधी मोटारींच्या, मग ट्रकच्या टायरांना ती टप्प्याटप्प्याने लागू होईल. धूर न सोडणाऱ्या गाडीने रबराची धूळ जास्त सोडावी, हे आपल्यालाही चालणारे नाही.

टायर कंपन्यांकडून एक गोष्ट मागून घेतली पाहिजे. बारा-तेरा इंची छोट्या मालगाड्यांच्या टायरवर वर्षांची हमी पुरत नाही. किलोमीटरची लेखी हमी हवी, आणि भार व हवेचे आकडे हिंदी-मराठीत बिलासोबत मिळायला हवेत. लखनौच्या आणि आपल्याकडच्या मालवाहतूकदार संघटनांनी ही मागणी एकत्रितपणे करावी. तोवर प्रत्येक मालकाने टायर बसवला त्या दिवशीचे किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत.