४०१ म्हणजे किती?

परवा सातवीच्या वर्गात मी फळ्यावर ४०१ हा आकडा लिहिला आणि विचारलं, "हे काय?" कुणी म्हणालं रुपये, कुणी पानं. एकानं तर "बाई, खोली नंबर!" असं ठोकून दिलं. खरं म्हणजे ते तापमान होतं!

डीएस १८ बी २० नावाची तापमान मोजणारी तीन पायांची एक इवलीशी चिप असते. तिला अंशांत बोलता येत नाही. ती एका अंशाचे १६ भाग धरते आणि तेवढे भाग मोजून आकडा पुढे ढकलते. ४०१ ला १६ ने भागा बरं. २५.०६२५ आले ना? दूरवरच्या सर्व्हरला मात्र सरळ अंशांतली नोंद हवी असते. मग दोघांचं जमायचं कसं? मध्ये एक दुभाष्या बसवतात. हा माणूस नव्हे, प्रोग्रॅम! त्याचं नाव मिडलवेअर. तो भागाकार करतो, कुठलं तापमान, किती वाजताचं हे जोडतो आणि सर्व्हरला समजेल असं सांगतो. उलट दिशेनंही तेच. सर्व्हर म्हणतो, "पंखा लाव." पंख्याच्या बटणाला फक्त ० आणि १ कळतात. दुभाष्या त्याला १ पाठवतो.

वाटतं तेवढं सोपं नाही हं हे! शीतगृहात तापमान उणे १०.१२५ झालं, की हीच चिप ६५३७४ असा आकडा पाठवते. शून्याखालची संख्या ती ६५५३६ मधून वजा करून सांगते, ही तिची रीत. ज्या दुभाष्याला ती ठाऊक नाही, तो नुसता भागाकार करून ४०८५ अंश सांगून मोकळा!

आकड्यांचा असाच एक घोटाळा अमेरिकेच्या नासाला फार महागात पडला. डिसेंबर १९९८ मध्ये त्यांचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाकडे निघालं. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्यांचा हिशेब पृथ्वीवरचा एक प्रोग्रॅम पौंड-सेकंदांत देई. तो वाचणारा दुसरा प्रोग्रॅम मात्र ते न्यूटन-सेकंद समजे. फरक जवळजवळ साडेचारपट! मध्ये बदलून देणारं कुणीच नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायला हवं होतं. गेलं अवघ्या ५७ वरून. मंगळाआड गेलं, ते गेलंच.

उत्तरापुढे एकक नसेल तर मी अर्धा गुण कापते. ही हकिगत संपताच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, नासाचा अर्धा गुण कापा!"