बेदाण्याच्या मुलुखात माल्टचा आस्वाद

मराठ्यांच्या बखरी, सनदा आणि दप्तरे धुंडाळून १८२६ साली त्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ हा १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी कंपनी सरकारचा रेसिडेंट होता, हे इतिहासाच्या वाचकांस सुपरिचित आहे. परंतु तो जेथे जन्मला आणि स्वदेशी परतल्यावर जेथे जमीनदार म्हणून स्थायिक झाला, त्या स्कॉटलंडातील बॅन्फशायर परगण्यातच ग्लेनलिव्हेटचे खोरे असून, १८२३ च्या अबकारी कायद्याने चोरट्या भट्ट्यांना परवान्याची वाट मोकळी करून दिल्यावर लगोलग पुढच्या वर्षी जॉर्ज स्मिथ याने तेथे रीतसर परवान्याची भट्टी चालविली, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच कोणी ध्यानात घेतली असेल. साताऱ्याचा कारभार पाहिलेला गृहस्थ मराठ्यांचा इतिहास लिहून पुरा करीत असताना त्याच्याच परगण्यात स्कॉच माल्टच्या कायदेशीर व्यवसायाची पायाभरणी होत होती.

माल्ट म्हणजे काय, हे पाटण-जावळीच्या डोंगरपट्ट्यातील कोणत्याही आजीस समजावून सांगावे लागणार नाही. नाचणी भिजवून, तिला मोड आणून, वाळवून, दळून तान्ह्या मुलासाठी जे सत्त्व ती करते, त्यात जी क्रिया घडते तीच स्कॉटलंडात सातूवर घडविली जाते: मोड फुटताना दाण्यात निर्माण होणारी द्रव्ये पिष्टाचे शर्करेत रूपांतर करू लागतात, आणि योग्य क्षणी उष्णता देऊन तो अंकुर थांबविला जातो. पुढे त्या सातूचा गोड रस ऊन पाण्यात उतरवून यीस्टने आंबवितात, तांब्याच्या भांड्यात बहुधा दोन वेळा ऊर्ध्वपातित करतात, आणि तो नितळ, रंगहीन अर्क ओकच्या पिंपात निदान तीन वर्षे मुरवितात. पाणी आणि यीस्ट यांखेरीज केवळ माल्ट केलेला सातू आणि एकच भट्टी, इतक्या अटी पाळल्या तरच त्यास सिंगल माल्ट म्हणावयाचे. बाटलीत भरताना मद्यार्क शेकडा ४० हून कमी असता कामा नये.

कृष्णा-वारणेच्या काठी राहणाऱ्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. आपल्या साखर कारखान्यांतून निघणारी मळी ही या देशातील मद्यार्काची मोठी खाण असून, भारतात व्हिस्की या नावाने खपणाऱ्या बहुसंख्य बाटल्यांत मळीचाच शुद्ध मद्यार्क असतो, त्यात थोडे माल्ट मिसळलेले असते, आणि म्हणूनच युरोपात त्या द्रव्यास व्हिस्की म्हणून विकता येत नाही. यात उसाची किंवा ऊसकऱ्याची काही नामुष्की नाही. परंतु ज्या मुलुखातून हा कच्चा माल जातो, त्या मुलुखाच्या रहिवाशाला मळीच्या मद्यातील आणि माल्टमधील भेद जिभेने आणि नाकाने कळावा, असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी माल्टच्या आस्वादाची एक बैठक भरवावी, आणि तीत भारतीय माल्टचाही समावेश असावा, कारण त्याची कथा अभिमानाची आहे. बंगळूर येथे १९४८ साली राधाकृष्ण जगदाळे यांनी अमृत डिस्टिलरी स्थापन केली. जगदाळे हे आडनाव वाचताच सातारकरास त्या घराण्याकडील मसूरच्या देशमुखीचे स्मरण व्हावे. त्यांचे पुत्र नीळकंठराव यांच्या कारकिर्दीत २००४ साली अमृतचे सिंगल माल्ट सादर झाले, ते खुद्द ग्लासगो शहरात. पुढे जिम मरे या समीक्षकाने आपल्या २०१० च्या ग्रंथात अमृत फ्यूजन या माल्टला जगात तिसरे स्थान दिले. आमच्या उष्ण हवेत पिंपातील अर्क झपाट्याने उडून जातो. स्कॉटलंडात वर्षाला शेकडा सुमारे २ घट येते, तर बंगळुरास ती दहाच्या पुढे जाते, परंतु त्याच उष्णतेने लाकडाचा गुण अर्कात त्वरेने उतरतो आणि चार-पाच वर्षांचे माल्ट प्रौढ वाटू लागते. गोव्यात कुंकळ्ळी येथे तयार होणाऱ्या पॉल जॉन माल्टचेही असेच आहे.

आता बैठकीविषयी. प्रथम कायदा: १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव मिळतो, आणि पंचवीस वर्षांखालील मनुष्यास असे कडक मद्य देता येत नाही. ज्या जावळी तालुक्यात स्त्रियांनी मतदान करून दारूची दुकाने बंद पाडली, त्या तालुक्याच्या शेजारी बसून या विषयावर लिहिताना मी मात्रेचा आग्रह धरतो, आणि तो औपचारिक नाही. सहा ते आठ माणसे, चार माल्ट, प्रत्येकी १५ मिलिलिटर, याहून अधिक एक थेंबही आस्वादास आवश्यक नाही. व्यवसायातले मिश्रणतज्ज्ञ आपले बहुतेक काम अर्क पाण्याने शेकडा २० पर्यंत सौम्य करून, केवळ हुंगून करतात. म्हणून औषधोपचार चालू असलेल्या किंवा मद्य न घेणाऱ्या स्नेह्यासही येथे सन्मानाची जागा आहे, त्याने प्याला नाकाशी धरावा आणि आपले मत मांडावे.

खोलीत उदबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा नसावा. प्याला तळाशी रुंद व तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे गंध एकवटतो. भडंग हा सांगलीचा मानबिंदू खरा, परंतु त्यातील लसूण आणि तिखट यांनी नाक पुरते बधिर होते. त्याची तजवीज बैठक संपल्यावर करावी, आणि आधी साधे चुरमुरे, बिनमिठाचे भाजके शेंगदाणे, खोलीच्या तापमानाचे पाणी एवढेच मांडावे. बर्फ वर्ज्य, कारण थंडीने गंध मिटतो. क्रम सौम्याकडून उग्राकडे: प्रथम बूर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या पिंपातील, मग शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातील, शेवटी पीट या दलदलीतील इंधनाच्या धुरातील. प्रत्येक माल्ट आधी तसेच हुंगावे, तोंड किंचित उघडे ठेवून. मग लहानसा घोट जिभेवर फिरवावा. मग चार थेंब पाणी घालून पुन्हा पाहावे, कारण पाण्याने मद्यार्काची तीव्रता ओसरते आणि दडलेले गंध वर येतात.

या बैठकीचा खरा आनंद गंध ओळखण्यात आहे, आणि त्या बाबतीत परक्या टिपणवह्यांतील हीदर आणि नाताळचा केक आपण उसने घेण्याचे काहीही कारण नाही. अमेरिकेतील कायद्याप्रमाणे बूर्बनसाठी आतून जाळलेले नवेकोरे ओकचे पिंप लागते. एकदा वापरलेले ते पिंप स्कॉटलंडात जाते, आणि त्याच्या लाकडातून अर्कात व्हॅनिला उतरतो, ओल्या खोबऱ्याचा वास उतरतो. त्यातच महाबळेश्वरच्या मधाचा भास होतो. शेरीच्या पिंपाचा मामला तर आपल्या अंगणातला. स्पेनमधील पेद्रो हिमेनेस ही गोड शेरी उन्हात वाळविलेल्या द्राक्षांपासून करतात, आणि तिच्या पिंपात मुरलेले माल्ट हुंगताना तासगावच्या शेडमध्ये जाळीच्या रॅकवर सावलीत वाळणारा बेदाणा आठवला नाही, तर तो मनुष्य सांगलीचा नव्हे. २०१६ साली ज्यास भौगोलिक मानांकन लाभले तो हाच बेदाणा. त्यासोबत काळा गूळ आणि भाजलेल्या खव्याचा कंदी पेढाही त्या प्याल्यात सापडतो. पीटच्या धुराने वाळविलेल्या सातूचे, स्कॉटलंडच्या आयला बेटावरचे माल्ट मात्र नवख्यास दचकविते: आयोडीन, इस्पितळ, ओला कोळसा. जत-आटपाडीकडे थंडीत हुरड्याच्या आगटीभोवती ज्याने रात्र काढली असेल, त्याला त्या धुराखाली दाण्याचा गोडवा निश्चित गवसेल.

बाटल्यांवर कागद गुंडाळून क्रमांक घालावेत, आणि नाव कळण्यापूर्वी प्रत्येकाने आपले टिपण स्वहस्ते लिहावे. महागड्या नावाचा दबाव एरवी उत्तम रसिकासही भुलवितो. घरी परतणाऱ्यांसाठी न पिणारा वाहनचालक आधीच ठरवावा. उरलेल्या बाटल्या सरळ उभ्या, उन्हापासून दूर ठेवाव्यात, कारण आडव्या बाटलीतील कडक मद्यार्काने बूच ठिसूळ होते; जी अर्ध्याहून खाली गेली असेल तिचे माल्ट लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावे, आणि पुढील बैठकीत तेच माल्ट पुन्हा मांडून, हवेच्या संपर्काने त्यात काय बदलले, हे पहिल्या टिपणांशी ताडून पाहावे.