दोन ट्रॉल्या ओढताय? आधी क्लच आणि गिअरबॉक्स सांभाळा

गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर डबल ट्रॉल्यांची रांग लागते. त्यातलाच एखादा ट्रॅक्टर चढाला कडेला उभा असतो, खाली वीट लावलेली असते आणि चालक फोनवर मिस्त्रीला शोधत असतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "क्लच गेला."

क्लच प्लेट बदलायची म्हणजे ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. प्लेटच्या पैशापेक्षा जास्त नुकसान खाड्याचं होतं. टोळी फडात बसून राहते, तोडलेला ऊस वाळून वजन घटतं, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. माझ्याकडे एका हंगामात दोनदा प्लेट जळाली. मिस्त्रीने प्लेट हातात देऊन सांगितलं, "माल चांगला होता, पाय वाईट होता." ते खरंच होतं.

प्लेट जळते कशी?

इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे जाते ती क्लच प्लेटच्या घर्षणावर. पॅडल पूर्ण सोडलं की प्लेट घट्ट दाबली जाते आणि घसरत नाही. अर्धवट दाबलं की घसरते, आणि घसरली की तापते. मोकळ्या ट्रॅक्टरला हे चालून जातं. पण मागे दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस असेल तर चढाला हाफ क्लचवर धरलेली थोडी मिनिटंसुद्धा प्लेटला महागात पडतात. जळका वास आला म्हणजे नुकसान सुरू झालं, असं समजा.

पाय पॅडलवर ठेवून चालवायची सवय तर बहुतेकांना आहे. त्याने प्लेटवरचा दाब कमी होतो आणि रिलीज बेअरिंग सतत फिरून झिजतं. गिअर पडला की पाय खाली फूटबोर्डवर ठेवायचा. पॅडलला वरती थोडी ढिलाई, म्हणजे फ्री प्ले, हवीच. ती किती ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं. प्लेट झिजत जाईल तशी ढिलाई कमी होते, म्हणून हंगामात मधून मधून तपासा.

फडातून निघताना

ओल्या फडातून दोन्ही ट्रॉल्या एकदम ओढू नका. एकेक बाहेर काढा, पक्क्या रस्त्यावर जोडा. चाक चिखलात फिरत राहतं आणि एकदम पकडतं, तेव्हा बसणारा झटका थेट गिअरच्या दातांवर आणि एक्सलवर जातो. लो गिअरमध्येच उचला, रेस बेताची ठेवा, क्लच हळू पण पूर्ण सोडा. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडा. वर जोडली तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

चढ आणि उतार

चढ दिसला की पायथ्यालाच खालचा गिअर टाका. मधे बदलायला गेलात तर गाडी थांबते आणि पुन्हा उचलताना प्लेट जळते.

उताराला डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिनची पकड सुटते, सगळं वजन ब्रेकवर येतं. वेग वाढला की पुन्हा गिअर पडत नाही, नुसता करकरतो. क्लच दाबून उतरलात तरी तेच. ज्या गिअरने चढ चढलात त्याच गिअरने उतरा. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पॅडल पट्टीने जोडलेले असू द्या, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. यात प्रश्न गिअरबॉक्सचा राहत नाही, जिवाचा होतो.

कारखान्याच्या रांगेत

नंबर येईपर्यंत फूट-फूट सरकत बसू नका. न्यूट्रल, हँडब्रेक, जागा झाली की एकदम पुढे.

ऑइलकडे बघा

बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, मागचा भाग आणि हायड्रॉलिक यांचं ऑइल एकच असतं. सपाट जागेवर ट्रॅक्टर थंड असताना पट्टीवर पातळी बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ताबडतोब बदला. गिअर लिव्हरचं रबर फाटलं की धुताना तिथूनच पाणी जातं. ते रबर स्वस्तात मिळतं. ऑइल किती तासांनी बदलायचं ते पुस्तकात असतं. जड वाहतूक असेल तर त्या तासांच्या पुढे ढकलू नका.

क्लच घसरतोय का, हे ओळखायची खूण सोपी आहे. चढाला इंजिनचा आवाज वाढतो पण ट्रॅक्टर वेग घेत नाही. असं झालं की त्याच दिवशी मिस्त्रीला दाखवा. तेव्हा नुसत्या ॲडजस्टमेंटवर भागू शकतं. आठवडाभर तसाच ओढलात तर प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलही खराब होतं.

आणि शेवटचं. जास्त खेपेच्या नादात ट्रॉली वरपर्यंत चेपून भरतो आपण. एका खेपेत वाचलेलं डिझेल आणि फडात गेलेले तीन दिवस, याचा हिशेब एकदा वहीत मांडून बघा.