खोली बुक करताना कासवालाही विचारा!

सेमिस्टर संपली की नरखेड-काटोलकडच्या कॉलेज ग्रुपांवर ट्रिपचे मेसेज धडाधड पडू लागतात. चिखलदरा झालेलं असतं, पचमढी झालेलं असतं, पेंच तर घरचंच. मग कुणीतरी म्हणतो, ‘अंदमान काहून नाही?’ खरंच, का नाही? आपलं नरखेड दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरच आहे. चेन्नईहून विमानानं दोन-सव्वादोन तास. बजेट कमी आणि सुट्टी भरपूर असेल तर जहाजानं साधारण तीन दिवस.

खरा घोळ पुढे होतो. मुक्काम कुठं करायचा? बहुतेक जण फोटो बघून खोली ठरवतात आणि सगळ्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये (आता श्री विजयपुरम) काढतात. पण तिथं डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. चिडिया टापूला पक्षी बघायला शहरातून दुपारी निघालात, तर पोचेपर्यंत उजेड संपत आलेला असतो. पक्षी पहाटेचे, त्यामुळं ज्याला ते बघायचे त्यानं एक रात्र तरी त्या बाजूला राहावं.

स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. इथली बरीच हॉटेलं गोविंदनगर-विजयनगरच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत. ओहोटीला तिथलं पाणी इतकं मागं सरतं की पोहायला गेलेला माणूस खडकांतून चालत बसतो. पोहण्याजोगी वाळू राधानगरला, पश्चिमेला. ‘सी-फेसिंग’ शब्दावर जास्त पैसे मोजण्याआधी एवढं तरी नकाशात बघा. खाडी आणि खारफुटी जवळ असेल तर मगरींबद्दल स्थानिकांना विचारा. २०१० मध्ये याच बेटावर मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक तरुणीचा जीव गेला होता. पाटी लावलेली असेल तिथं पाण्यात उतरायचं नाही, मित्र कितीही चिडवोत.

वन्यजीवांसाठीच जाणार असाल तर माझं मत उत्तरेला, दिगलीपूरजवळच्या कालीपूरला. रस्त्यानं तीनशेहून जास्त किलोमीटर, अख्खा दिवस बसमध्ये. वाटेत जारवांचं राखीव क्षेत्र लागतं. तिथून गाड्या ताफ्यानंच सोडतात; थांबणं, फोटो काढणं गुन्हा. पण कालीपूरच्या वाळूत लेदरबॅक, ऑलिव्ह रिडले, हॉक्सबिल आणि हिरवं अशी चार जातींची कासवं अंडी घालतात. बाजूलाच ७३२ मीटरचं सॅडल पीक, अंदमानातलं सर्वात उंच शिखर.

आणि इथंच खोलीचा प्रश्न गंभीर होतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू रात्री जिकडं जास्त उजेड तिकडं धावतं. मोकळ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या बाजूला असतो. मागं हॉटेलचे फोकस लागले की पिल्लं उलटी फिरतात आणि सकाळपर्यंत सुकून किंवा कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जाऊन संपतात. म्हणून बुकिंगच्या फोनवर एसीच्या आधी हे विचारा: विणीच्या दिवसांत बीचकडचे दिवे रात्री बंद ठेवता का? ‘नाही’ म्हटलं, किंवा प्रश्नच कळला नाही, तर दुसरी जागा बघा. खर्च झेपत नसेल तर आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास आहे. कासव महोत्सवाला तिथं गावकऱ्यांच्या घरीच राहता येतं, जेवण घरचं.

एक गंमत. रॉस बेटावर चितळं अंगाशी येऊन उभी राहतात आणि ‘अरे, हे तर पेंचचं’ असं वाटतं. ती मूळची तिथली नाहीत. इंग्रजांनी आणून सोडली. शिकार करणारा वाघ-बिबट्या तिथं नाही, त्यामुळं वाढली आणि कोवळी रोपं फस्त करू लागली. आपल्या जंगलातलं देखणं हरीण तिथं उपद्रवी पाहुणा.

परतताना शंख, प्रवाळाचा तुकडा बॅगेत टाकू नका, मेलेला असला तरी. विमानतळावर काढून घेतात, वर कारवाई होते. वाळूतला फोटो पुरे.